वायरमनचा परवाना : सही कोणाची, जबाबदारी कोणाची

(कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित लेखी रूप)

अध्यक्ष महोदय आणि बंधुभगिनींनो,

विजेच्या कामाचा परवाना हा विषय आपल्या भागात शब्दापाशीच अडखळतो. मराठीत ‘परवानगी’ म्हणजे संमती आणि ‘परवाना’ म्हणजे लायसन्स. कन्नडमध्ये मात्र लायसन्सलाच ‘परवानगी’ म्हणतात. त्यामुळे मराठी शाळेतून आलेला मुलगा फॉर्मवर हा शब्द वाचतो तेव्हा आपल्याला कोणाची तरी संमती आणायला सांगितली आहे, असे समजून घरमालकाचे पत्र जोडून मोकळा होतो. याहून मोठा घोटाळा दुसऱ्या एका शब्दाचा आहे. विद्युत निरीक्षकाच्या खात्याला कन्नडमध्ये ‘विद्युत् परिवीक्षणालय’ आणि निरीक्षकाला ‘परिवीक्षक’ म्हणतात. आपल्या कानाला ‘परिवीक्षक’ आणि ‘पर्यवेक्षक’ हे सख्खे भाऊ वाटतात. पण पर्यवेक्षक म्हणजे सुपरवायझर, आणि त्याला कन्नडमध्ये ‘मेल्विचारक’ असा वेगळाच शब्द आहे. मी आयटीआयमध्ये शिकवत असताना माझ्या एका विद्यार्थ्याने, अर्ज ‘परिवीक्षकां’कडे द्यावा असे वाचून, तो आपल्या साइटवरच्या सुपरवायझरच्या हातात दिला. त्या भल्या माणसानेही कसलाही प्रश्न न विचारता तो खणात ठेवून दिला. दोन महिन्यांनी मुलगा माझ्याकडे आला तो ‘सर, ऑफिसातून अजून काहीच कळवलं नाही’ अशी तक्रार घेऊन. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण हे कागद नेमके कशासाठी असतात हेच त्याला कोणी सांगितलेले नव्हते, आणि त्या वर्गाचा शिक्षक मीच होतो. आज ती चूक थोडी भरून काढतो.

आपल्या देशात घरातली किंवा कारखान्यातली वायरिंग कोणी करावी, याचा नियम जुना आहे. भारतीय वीज नियम, १९५६ मधील ४५ व्या नियमात तो होता. पुढे २००३ चा वीज कायदा आला, त्याच्या आधारे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली सुरक्षाविषयक विनियम केले आणि त्यांची जागा २०२३ च्या विनियमांनी घेतली. पण त्या नियमाचा गाभा तसाच टिकून आहे. ग्राहकाच्या जागेत विजेचे नवे काम, वाढीव काम, बदल किंवा दुरुस्ती करायची असेल, तर ते राज्य सरकारचे लायसन्स असलेल्या विद्युत कंत्राटदाराकडूनच व्हावे, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हावे, आणि हाताने काम करणाऱ्याकडे राज्य सरकारने दिलेले किंवा मान्य केलेले परमिट असावे. दिवा बदलणे, पंखा किंवा स्विच बदलणे, फ्यूज घालणे अशा, मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप न बदलणाऱ्या किरकोळ गोष्टी यातून वगळल्या आहेत. म्हणजे जळालेला बल्ब काढून नवा लावण्यासाठी कोणालाही बोलवायला नको. पण जिथे पंख्याचा पॉइंट होता तिथे गिझर बसवायचा म्हटले, की तुम्ही नियमाच्या हद्दीत आलात, कारण पंख्याला ओढलेली एक किंवा दीड चौरस मिलिमीटरची तार दोन हजार वॅटच्या गिझरसाठी घातलेलीच नसते.

नीट पाहिले तर यात एक परवाना नसून तीन कागद आहेत, आणि आपल्याकडचा बहुतेक गोंधळ हे तीन कागद एकच समजल्यामुळे होतो. वायरमनचे परमिट हे हाताचे आहे: या माणसाला तार ओढता येते, जोड देता येतो, फेज आणि न्यूट्रल ओळखता येतो. सुपरवायझरचे प्रमाणपत्र डोळ्यांचे आहे: दुसऱ्याने केलेले काम तपासून बरोबर की चूक हे त्याने ठरवायचे. कंत्राटदाराचे लायसन्स उत्तराचे आहे: उद्या काही झाले तर कोणाला विचारायचे, ते नाव सरकारदरबारी नोंदलेले असते. म्हणूनच कंत्राटदाराकडे स्वतःचा किंवा नोकरीतला सुपरवायझर, परमिट असलेले वायरमन आणि तारेच्या आवरणाचा रोध (इन्सुलेशन रेझिस्टन्स) मोजणारा मेगर, अर्थ टेस्टर अशी तपासणीची उपकरणे असावी लागतात. नुसते दुकान आणि ‘इलेक्ट्रिकल वर्क्स’ अशी पाटी असून भागत नाही. आपल्या भागात कंत्राटदाराला ‘गुत्तेदार’ म्हणण्याची पद्धत आहे आणि कन्नडमध्येही तो ‘गुत्तिगेदार’च असतो, हा एकच शब्द असा, की ज्याच्यावरून दोन्ही भाषांत भांडण नाही.

आता या वाटेला लागायचे कसे? सरळ वाट आयटीआयची. इलेक्ट्रिशियन हा दोन वर्षांचा ट्रेड आहे आणि त्याला दहावीला विज्ञान व गणित लागते. वायरमनचा ट्रेड वेगळा आहे आणि त्याला आठवी उत्तीर्ण मुलगाही जाऊ शकतो, हे आपल्या कित्येक पालकांना ठाऊकच नसते. ट्रेडनंतर १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली एखाद्या कारखान्यात किंवा वीज कंपनीत उमेदवारी केली, तर तिचे राष्ट्रीय प्रमाणपत्र वेगळे मिळते. डिप्लोमा किंवा डिग्रीचे इंजिनिअर अनुभवानंतर सुपरवायझरच्या बाजूने जातात. यात नवल असे काही नाही. अडचण आहे ती दुसऱ्या वाटेने आलेल्यांची, आणि आपल्या तालुक्यांत तीच माणसे जास्त आहेत. मामाच्या किंवा मिस्त्रीच्या हाताखाली पंधराव्या वर्षी लागलेला मुलगा तिशीपर्यंत शंभर घरे वायरिंग करून देतो, त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला असतो, पण त्या पंधरा वर्षांचा एक कागदही त्याच्याजवळ नसतो, कारण मजुरी रोख मिळालेली असते आणि गुत्तेदाराच्या रजिस्टरमध्ये त्याचे नाव कधी चढलेलेच नसते. अशा मुलांना माझे सांगणे एवढेच असते, की आज, या आठवड्यात, ज्याच्याकडे काम करता त्याचे लायसन्स आहे का ते विचारा. असेल तर तुमचे नाव त्याच्या नोंदीत घालून घ्या आणि मजुरी बँकेत घ्या. अनुभवाचा दाखला मागायच्या दिवशी गेल्या दहा वर्षांची आठवण कोणी लिहून देत नाही. कौशल्य योजनांमध्ये आधीच्या कामाची परीक्षा घेऊन जे प्रमाणपत्र देतात, ते उपयोगी आहे, पण तेवढ्यावर परमिट आपोआप हातात पडते हा समज काढून टाका. परमिट देणे न देणे हे राज्याच्या परवाना यंत्रणेकडेच असते.

नावाचाही एक मुद्दा सांगतो, कारण त्यापायी अर्ज परत येतात. कर्नाटकच्या एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डवर नाव इनिशियलसकट येते, आधारवर आपण मराठी पद्धतीने नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे पूर्ण लिहून घेतलेले असते, आणि आयटीआयच्या प्रमाणपत्रावर ते आणखी वेगळ्या क्रमाने छापलेले असू शकते. त्यात जिल्ह्याचे नाव २०१४ पर्यंत इंग्रजीत एका तऱ्हेने (Belgaum) लिहिले जात होते आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतर दुसऱ्या तऱ्हेने (Belagavi). अर्ज करण्याआधी हे तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहावे. वायरिंगच्या कामात जो माणूस लाल तार लालच जोडीला जाते का ते तीनदा पाहतो, तोच माणूस स्वतःच्या नावाच्या स्पेलिंगकडे एकदाही पाहत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी इथे आलो, तिच्याकडे वळतो. नवीन मीटर घ्यायचे किंवा लोड वाढवून घ्यायचे, की हेस्कॉम या आपल्या वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसात अर्जासोबत लायसन्सधारक कंत्राटदाराचा काम पूर्ण झाल्याचा आणि चाचणीचा रिपोर्ट द्यावा लागतो. (हेस्कॉम २००२ पासून आहे, पण आपले लोक अजून जुन्या वीज मंडळाच्या नावाने ‘केईबीत जाऊन येतो’ असेच म्हणतात, मीही म्हणतो.) त्या रिपोर्टवर कंत्राटदाराची सही असते आणि ती सही आपल्याकडे भाड्याने मिळते. वायरिंग कोणी केले, कसे केले, हे न पाहता, साइटवर पाऊल न टाकता, ठरलेले पैसे घेऊन फॉर्मवर सही आणि शिक्का द्यायचा, हा व्यवहार इतका रुळलेला आहे, की घरमालकाला ते एक शुल्कच वाटते. ‘सहीचे किती?’ असे लोक उघड विचारतात.

या बाबतीत दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचा मला अधिकार नाही. कंत्राटदाराचे लायसन्स मिळून मला तिसरे वर्ष होते. वडगावातल्या एका ओळखीच्या विणकराने घरामागच्या शेडमध्ये आठ माग बसवले होते. प्रत्येकाला एक हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटार. काम एका जाणत्या वायरमनने केले होते, त्याच्यावर माझा विश्वास होता, पाऊस पडत होता आणि मला दुसऱ्या दिवशी हुबळीला जायचे होते. मी घरी बसून रिपोर्ट भरला. इन्सुलेशन रेझिस्टन्सच्या रकान्यात एक चांगला दिसणारा आकडा लिहिला, अर्थिंगच्या रकान्यातही लिहिला आणि सही केली. दोन महिन्यांनी निरोप आला, की मागाला हात लावल्यावर विणकराच्या भाच्याला शॉक बसला. तो दूर फेकला गेला म्हणून वाचला. कोपर मोडले होते. मी गेलो आणि बोर्ड उघडला. मोटारीच्या सांगाड्यापासून आलेली अर्थची तार बोर्डाच्या मागे येऊन तिथेच गाठ मारून सोडलेली होती. बाहेर खड्डा खणला होता, पण अर्थची प्लेट पुरलेली नव्हती. ‘पाऊस थांबल्यावर पुरू’ म्हणून ते काम राहून गेले होते. थ्री-फेज मोटारीच्या सांगाड्याला एक नव्हे, दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या असाव्यात असा नियम आहे, आणि माझ्या सहीच्या कागदावर त्या दोन्ही होत्या. वायरमन मला दोष देऊ शकला असता, मी वायरमनला, आणि विणकर आम्हा दोघांना. त्या बिचाऱ्याने कोणालाच दिला नाही. चहा घेऊन जा म्हणाला. तो चहा माझ्या घशाखाली उतरला नाही.

तेव्हापासून मेगर लावल्याशिवाय मी सही केलेली नाही, आणि ही चाचणी काय असते हे वायरमनइतकेच घरमालकालाही कळावे असे मला वाटते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. मेन स्विच बंद करायचा. टीव्ही, फ्रिज, इन्व्हर्टर, एलईडीचे दिवे असे सगळे नाजूक सामान काढून ठेवायचे, कारण मेगर ५०० व्होल्टचा डीसी दाब देतो आणि त्यात ते जळून जाईल. घरातले सगळे स्विच मात्र चालू ठेवायचे, नाहीतर स्विचच्या पुढची तार तपासली जातच नाही. इथेच पुष्कळ जण चुकतात. मग फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून मेगरची एक चिमटी त्यांना आणि दुसरी अर्थला लावायची, आणि मिनिटभर दाब ठेवून काटा पाहायचा. निदान एक मेगओहम यायला हवे. नव्या, कोरड्या घरात काटा बहुधा टोकाला, अनंताच्या खुणेवर जाऊन बसतो.

याच तालुक्यात, पावसाळ्याच्या सुरुवातीला, एका नव्या घरात काटा ०.२ वर थांबला. दुसऱ्या दिवशी वास्तुशांती होती, अंगणात मांडव घातला होता आणि आचारी चूल मांडत होते. मालक म्हणाले, ‘साहेब, दिवे तर सगळे लागतायत की!’ दिवे लागतातच. गळणारी वीज दिव्यांच्या वाटेची नसते, भिंतीच्या वाटेची असते. मी एकेक सर्किटचा एमसीबी पाडून न्यूट्रल सुटा केला आणि पुन्हा पुन्हा मोजत गेलो. हॉलचे सर्किट चांगले, स्वयंपाकघराचे चांगले. न्हाणीघराचे सोडवले आणि काटा उडी मारून वर गेला. गिझरच्या पॉइंटची पेटी उघडली तर आत पाणी. गच्चीवरून उतरणाऱ्या पाइपाचे वरचे तोंड प्लंबरने उघडे ठेवले होते आणि चार दिवसांच्या पावसाने ते भरले होते. त्या एका पॉइंटची तार काढून, पाइप वाळवून, नवी तार घालायला रात्रीचे अकरा वाजले. मालक माझ्यावर नाराजच होते आणि वास्तुशांतीच्या पंगतीला मला बोलावणे आले नाही. त्या पेटीतून आंघोळीच्या नळापर्यंत वीज पोचायला किती वेळ लागला असता, हे मी त्यांना सांगितले नाही. सणाच्या घरात ते बोलणे बरे दिसले नसते. घरगुती जोडणीला तीस मिलिअँपिअरवर पडणारे जे गळतीरोधक उपकरण, आपल्या बोलीत आरसीसीबी, लावायला सांगतात, ते अशाच वेळी उपयोगी पडते. पण ते वारंवार पडते म्हणून त्याला वळसा घालून तार जोडून देणारे हातही मी पाहिले आहेत, आणि त्या हातांत परमिट होते हेही सांगितले पाहिजे.

मीटरच्या पलीकडचे आणि अलीकडचे काम यांची सरमिसळ हा आणखी एक घोळ आहे. खांबापासून मीटरपर्यंतचे काम वीज कंपनीचे. तिथे तिचा लाइनमन, ज्याला आता ‘पॉवरमन’ म्हणतात, तोच हात लावणार. मीटरच्या पुढचे सगळे ग्राहकाचे, आणि ते लायसन्सधारक कंत्राटदाराने करायचे. गावात लाइनमन ओळखीचा असतो, त्याला घरातले पॉइंटही काढायला सांगतात. उलट, खांबावरचा फ्यूज गेला की गावातलाच एखादा धाडसी वायरमन चढतो. दोन्ही गोष्टी चूक आहेत, आणि दुसरी प्राणघातक आहे, कारण वरची लाइन कुठून चालू आहे आणि कोण बंद करणार आहे, हे खालून दिसत नाही. ऊसपट्ट्यात आयपी सेटच्या, म्हणजे शेतीपंपाच्या, स्टार्टरपाशी, ओल्या पायांनी, रात्रीच्या थ्री-फेजच्या वेळेत अशी कामे होतात. अपघात झालाच, तर वीज कायद्याच्या १६१ व्या कलमाखाली त्याची खबर विद्युत निरीक्षकाला द्यावी लागते आणि तीही २४ तासांत; आपल्याकडे मात्र आधी तारेवर चोरून टाकलेला आकडा काढून टाकतात, तुटलेली तार बदलतात, आणि मग कोणाला कळवायचे याचा विचार होतो. त्यामुळे चौकशीत नेमके कारण सापडत नाही, आणि नुकसानभरपाईही अडकते.

मोठ्या कामांत निरीक्षकाची भूमिका आणखी पुढे जाते. उद्यमबागेतल्या फाउंड्रीला अकरा हजार व्होल्टचा पुरवठा घ्यायचा असेल, किंवा बेळगावात पंधरा मीटरहून उंच इमारत बांधली असेल, तर केवळ कंत्राटदाराच्या रिपोर्टवर जोडणी सुरू होत नाही. निरीक्षण आणि मंजुरीची वेगळी पायरी असते. आज आपला विषय घरांचा आणि शेडचा असल्यामुळे त्यात शिरत नाही.

आता सीमेवरच्या माणसाचा प्रश्न. आयटीआयचे राष्ट्रीय प्रमाणपत्र काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत चालते. परमिट आणि लायसन्स मात्र राज्याचे असते. मघाशी सांगितलेल्या नियमातले ‘राज्य सरकारने दिलेले किंवा मान्य केलेले’ हे शब्द इथे महत्त्वाचे ठरतात. कर्नाटकातल्या उचगावचा मुलगा सकाळी महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या कारखान्यात कामाला जातो, निपाणीचा मुलगा कोगनोळी ओलांडून कागलच्या वसाहतीत जातो. मोटारसायकलीचे लायसन्स तिथेही चालते, म्हणून वायरमनचेही चालेल असे तो धरून चालतो. ते आपोआप चालत नाही. महाराष्ट्रात तिथल्या सरकारच्या परवाना यंत्रणेने तुमचे परमिट मान्य केले असले पाहिजे, किंवा तिथले स्वतंत्र घेतले पाहिजे. तिथल्या कागदांवर वायरमनला ‘तारतंत्री’ म्हणतात, म्हणजे शब्द मराठी असूनही आपल्या मुलाला तो पहिल्यांदाच वाचायला मिळतो! उलट दिशेनेही तेच. कोल्हापूरकडच्या एका नामांकित कंत्राटदाराने निपाणीजवळ एका नातेवाइकाच्या गोडाऊनचे काम अतिशय उत्तम केले होते. मी स्वतः पाहिले, पॅनेलची बांधणी तर मुलांना दाखवावी अशी. पण त्याचा रिपोर्ट इकडच्या कार्यालयातून परत आला, कारण लायसन्स कर्नाटकचे नव्हते. शेवटी इकडच्या एका कंत्राटदाराने सगळे काम पुन्हा तपासून, मोजून, स्वतःच्या सहीने रिपोर्ट दिला. नातेवाईक चिडले; मला मात्र तो प्रकार योग्य वाटला, कारण त्या कंत्राटदाराने खरोखर दोन दिवस उभे राहून तपासणी केली होती. ज्यांना दोन्हीकडे कामे करायची आहेत, त्यांनी कोल्हापूरच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात लेखी विचारावे आणि उत्तरही लेखीच घ्यावे. चहाच्या टपरीवर ऐकलेल्या नियमावर कोणी सही करू नये.

व्याख्यानानंतर एका बहिणीने विचारलेला प्रश्न इथे जोडतो. त्यांचे घर जोत्यापर्यंत आले आहे, आणि कंत्राटदाराचे लायसन्स नेमके कधी बघायला मागायचे, मीटरचा अर्ज करताना का, असे त्यांनी विचारले. मीटरच्या वेळी उशीर झालेला असतो. पंखे आणि दिव्यांचे पाइप स्लॅबच्या लोखंडात बांधले जातात आणि त्यांच्यावर काँक्रीट पडते; त्यानंतर कोणता पाइप दबला, कुठे जोड सुटला, हे कोणालाच दिसत नाही. तेव्हा सेंटरिंगवर लोखंड बांधून झाले आणि काँक्रीट पडायला एक दिवस उरला, की त्या दिवशी कंत्राटदाराला साइटवर बोलवावे, त्याचे लायसन्स आणि वायरमनचे परमिट मुदतीत आहेत का ते तारखेसह पाहावे, आणि स्लॅबवर चढून प्रत्येक पाइपाचे तोंड झाकले आहे का ते त्याच्यासोबत स्वतः पाहावे. साडी सांभाळून चढावे लागेल, एवढेच.